क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, तरी किडनी अडचणीत: अचानक होणारा मूत्रपिंडाचा बिघाड

समजा, साठीतल्या एक मावशी आहेत. वजन ४५ किलो. तीन दिवस जुलाब आणि उलट्या झाल्या म्हणून रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंपासून बनणारा आणि किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, आलं १.१. रिपोर्टवर शेजारीच छापलेलं असतं, ‘०.६ ते १.२’. आकडा मर्यादेत बसतो, ठळक अक्षरात नाही, त्याच्यापुढे बाण नाही. घरचे म्हणतात, चला, किडनी ठीक आहे. आता मावशींची जुनी फाइल काढा. चार महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन होतं ०.६. म्हणजे ते जवळजवळ दुप्पट झालंय आणि किडनीची रक्त गाळायची ताकद साधारण निम्म्यावर आली आहे. रिपोर्टमध्ये मात्र कुठेही धोक्याची खूण नाही.

किडनीच्या या अचानक बिघाडाला डॉक्टर ‘एकेआय’ (अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी) म्हणतात, मराठीत ‘तीव्र मूत्रपिंड इजा’. इथे ‘तीव्र’चा अर्थ ‘फार मोठी’ असा नाही, तर ‘काही तासांत किंवा दिवसांत झालेली’ असा आहे. पूर्वी याला ‘अ‍ॅक्यूट रीनल फेल्युअर’ म्हणायचे. ते नाव मागे पडलं ते चांगलंच झालं, कारण किडनी फेल होईपर्यंत थांबलं तर उपचाराची खरी वेळ हातातून निघून गेलेली असते. शिवाय ‘किडनी फेल’ हे दोन शब्द कानावर पडले की घरच्यांना वाटतं, आता जन्मभर डायलिसिस. एकेआयमध्ये बहुतेकदा तसं नसतं. कारण वेळेत सापडलं तर किडनी पुन्हा कामाला लागू शकते.

‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१२ सालची व्याख्या जगभर वापरतात. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने किंवा त्याहून जास्त वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिलीलिटरपेक्षा कमी झाली, तर तो एकेआय. तिन्हींपैकी एक गोष्ट पुरते. दीडपट ते दुपटीच्या आत पहिली पायरी, दुपटीपासून तिपटीच्या आत दुसरी, तिप्पट किंवा अधिक झालं की तिसरी. क्रिएटिनिन ४ पर्यंत चढलं किंवा डायलिसिस सुरू करावं लागलं तरी तिसरीच. मावशी पहिल्या पायरीवर आहेत.

लघवीचा हिशोब घरीही करता येतो. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली, म्हणजे सहा तासांत निदान १८० मिली लघवी व्हायला हवी. दिवसभरात ४०० मिलीच्या आत राहिली तर वाट बघत बसू नये. मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. लघवी भरपूर होते म्हणजे किडनी शाबूत, असं नाही. कितीतरी रुग्णांना लघवी नेहमीसारखी होत असते, फक्त तिच्यातून घाण बाहेर पडत नसते.

दोन तोट्या आणि तीन गोळ्या

दोन्ही किडन्या मिळून वजन जेमतेम तीनशे ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर, एकट्या त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्यातलं १७८ लिटरच्या आसपास परत शरीरात शोषून घेतलं जातं आणि उरलेली दीड-दोन लिटर लघवी बनते. हे परत ओढून घेण्याचं काम ज्या बारीक नलिका करतात, त्यांच्या पेशींना प्राणवायू प्रचंड लागतो. आणि नेमका किडनीच्या आतल्या गाभ्यात तो मुळातच तुटपुंजा असतो. रक्तपुरवठा घटला की पहिला फटका या पेशींना बसतो.

किडनीतल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीला आत येणारी एक सूक्ष्म रक्तवाहिनी असते आणि बाहेर जाणारी एक. दोन्हींना तोटी आहे असं समजा. जुलाब-उलट्यांनी, रक्तस्रावाने किंवा उन्हातान्हात घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालं, की किडनी आतली तोटी मोठी उघडते आणि बाहेरची आवळते. त्यामुळे रक्त कमी असूनही गाळणीतला दाब टिकून राहतो.

आता आपल्याकडच्या घरातल्या औषधांच्या डब्यात काय असतं ते पाहा. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. ही आतली तोटी उघडूच देत नाहीत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल. ही बाहेरची तोटी सैल करतात, म्हणून दाब निसटतो. तिसरी, सूज किंवा रक्तदाबासाठीची लघवीची गोळी, जी आधीच कमी असलेलं पाणी आणखी बाहेर काढते. यातली रक्तदाबाची गोळी एरवी किडनीचं रक्षणच करते. पण जुलाब लागलेल्या माणसाने तिन्ही एकदम घेतल्या, तर किडनीचे बचावाचे सगळे मार्ग एकाच वेळी बंद होतात. मावशींनी नेमकं हेच केलं असेल: जुलाब सुरू असताना रोजच्या गोळ्या चुकवल्या नाहीत आणि अंग ठणकतंय म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेतली.

म्हणून पाणी टिकत नसेल अशा आजारपणात डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारा: रक्तदाबाची, लघवीची गोळी थांबवू का? मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधंही याच यादीत येतात. मेटफॉर्मिन शरीरात साठून रक्तातलं आम्ल वाढवू शकतं आणि दुसऱ्या प्रकारात उपाशीपोटी कीटोआम्लं वाढण्याचा धोका असतो. खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर, साधारण २४ ते ४८ तासांनी, त्या पुन्हा सुरू होतात. स्वतःच्या मनाने महिनोन् महिने बंद ठेवू नयेत. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत घ्यावी, दुखण्याची इतर गोळी नको.

पाणी भरून काढायला जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस उत्तम. २०.५ ग्रॅमचं एक पाकीट, बरोबर एक लिटर पाणी. अर्धं पाकीट एका पेल्यात ढवळणं हा सर्रास दिसणारा प्रकार आहे. त्याने मिठाचं प्रमाण चुकतं आणि लहान मुलांना अपायच होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

या टप्प्यावर पाणी मिळालं तर क्रिएटिनिन साधारण एक ते तीन दिवसांत खाली येतं, कारण किडनी फक्त तहानलेली असते, जखमी नसते. उशीर झाला, त्यात जंतुसंसर्ग रक्तात पसरला, रक्तदाब पडला, की नलिकांच्या पेशी मरून गळू लागतात आणि आतच अडकतात. मग कितीही सलाईन दिलं तरी क्रिएटिनिन लगेच उतरत नाही. पेशी नव्याने उगवायला वेळ लागतो.

पावसाळा, घोणस आणि काळी लघवी

महाराष्ट्रात पावसाळा आला की लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण दिसू लागतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथच आली होती. उंदीर आणि गुराढोरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून जंतू पायावरच्या जखमांतून शरीरात शिरतात आणि साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप येतो. पोटऱ्या दाबल्या तरी कळवळावं इतकं दुखणं, डोळे लाल, मग कावीळ. या आजारातल्या किडनीच्या बिघाडाची एक खासियत आहे. एरवी एकेआयमध्ये पोटॅशियम वाढतं, लेप्टोत मात्र ते अनेकदा कमी असतं आणि लघवीही पुष्कळ होते. त्यामुळे ‘लघवी होतेय ना, मग ठीक आहे’ हा दिलासा इथे फार महागात पडतो. पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा डॉक्सिसायक्लिन वेळेवर सुरू झालं तर बहुतेकांची किडनी सावरते. मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफसमध्येही किडनीला इजा होते. त्यामुळे पावसाळ्यातला ताप आणि कमी लघवी हे एकत्र दिसलं की क्रिएटिनिन त्याच दिवशी करावं.

घोणस चावली तर विष एकाच वेळी चार बाजूंनी घाला घालतं. रक्त गोठण्याची क्षमता संपते, लाल पेशी फुटतात, रक्तदाब पडतो आणि विष स्वतः नलिकांच्या पेशी मारतं. खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही करता येईल अशी एक तपासणी आहे. शिरेतलं दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, न हलवता वीस मिनिटं ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष शरीरात पसरलंय आणि सर्पविषविरोधी लस लगेच हवी. नळी प्लास्टिकची किंवा साबणाचा अंश राहिलेली असेल तर रक्त गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. ती रक्तात फिरणाऱ्या विषाला निकामी करते, पण किडनीत जे आधीच घडून गेलंय ते पुसत नाही. मांत्रिकाकडे, आवळपट्टी बांधण्यात, जखम चिरण्यात गेलेला तास नंतर डायलिसिसच्या दिवसांत मोजावा लागतो.

चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची लघवी ही आणखी एक खूण. स्नायू चिरडले किंवा अतिश्रमाने फुटले की त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन नलिकांत जाऊन बसतं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी लघवी बंद होऊन दगावली, तेव्हा हा आजार नीट नोंदला गेला. आज तो उष्माघातात दिसतो, विजेच्या धक्क्यात दिसतो आणि सवय नसताना एकाच दिवशी शे-दोनशे बैठका मारणाऱ्या तरुणातही दिसतो. केसांना लावायच्या काळ्या रंगातलं पीपीडी हे रसायन पोटात गेलं तर आधी चेहरा आणि मान सुजते, श्वास अडतो आणि पाठोपाठ स्नायू वितळून किडनी बंद पडते. अशा लघवीच्या पट्टी-तपासणीत ‘रक्त आहे’ असं येतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसत नाहीत. ही विसंगतीच निदान सांगून जाते.

लहान मुलांच्या बाबतीत एक वेगळं दुःख आपल्या अगदी जवळ घडलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं औषध घेतलेली मुलं लघवी बंद होऊन आजारी पडली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं आणि वीसहून अधिक मुलं दगावली. औषधात डायइथिलिन ग्लायकोल हे औद्योगिक द्रावक सापडलं. शरीरात त्यापासून डायग्लायकोलिक आम्ल बनतं आणि ते नलिकांच्या पेशी मारतं. १९८६ मध्ये मुंबईत याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनने रुग्णांचे बळी घेतले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. मुलाला कोणतंही औषध दिल्यानंतर उलट्या सुरू होऊन आठ-दहा तास लघवी झाली नाही, तर औषधाची बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावं. बाटली फेकू नये. तपासणीसाठी तीच लागते.

रक्तपुरवठा घटणं हे एक कारण, खुद्द किडनीला इजा होणं हे दुसरं. उरलं तिसरं कारण, म्हणजे लघवीची बाहेरची वाट अडणं. वाढलेली प्रोस्टेट, एकच किडनी असताना तिच्या नळीत अडकलेला खडा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दाब. थेंब थेंब लघवी होतेय म्हणजे अडथळा नाही, असं समजू नये. भरून वाहणाऱ्या मूत्राशयातूनही लघवी गळत राहते. नळी घातली, अडथळा दूर केला की किडनी झपाट्याने सुधारते. मात्र पहिल्या दिवशी कित्येक लिटर लघवी होऊ शकते आणि त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

निदान करताना

क्रिएटिनिनची अडचण अशी की ते उशिरा बोलतं. आज इजा झाली तर आकडा उद्या-परवा वर येतो. स्नायूंपासून ते बनतं, म्हणून कृश, वृद्ध माणसात आकडा मुळातच कमी असतो आणि बिघाड झाकला जातो. म्हणूनच एका रिपोर्टवर भिस्त न ठेवता जुना आकडा शोधायचा आणि २४ तासांनी पुन्हा तपासायचं. जुना रिपोर्ट नसेल तर सोनोग्राफी थोडीफार मदत करते. किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटरची असते. ती आकसलेली दिसली तर आजार जुना असण्याची शक्यता मोठी. फुगलेली दिसली तर पुढे अडथळा आहे.

लघवीची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. तिच्यात मातकट तपकिरी कणांचे साचे, म्हणजे नलिकांत गोठून त्यांच्याच आकाराचे झालेले तुकडे, दिसले तर नलिकांच्या पेशी मेल्या आहेत. लाल पेशींचे साचे किंवा भरपूर प्रथिनं दिसली तर गाळणीलाच सूज आहे, आणि तिथे कधी कधी किडनीचा बारीक तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. असा आजार सलाईनने बरा होत नाही. त्याला वेळेत स्टिरॉइडसारखी औषधं लागतात. लघवीचा नमुना ताजा हवा, कारण तासा-दोन तासांत साचे विरघळू लागतात.

आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये आणखी एक गोंधळ होतो. काही लॅब ‘युरिया’ देतात, काही ‘बीयूएन’ (युरियातला फक्त नायट्रोजन). ही दोन वेगळी मापं आहेत. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. एका लॅबमधला बीयूएन २५ आणि दुसरीतला युरिया ५४ हे एकच. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘दुप्पट झालं’ म्हणत घाबरून जाणारे नातेवाईक म्हणूनच दिसतात.

उपचार, आणि नारळपाण्याबद्दल

किडनी लवकर बरी करणारं इंजेक्शन आजही नाही. कारण काढायचं, रक्तदाब सांभाळायचा, घातक औषधं थांबवायची, प्रतिजैविकांच्या मात्रा किडनीच्या ताकदीप्रमाणे बदलायच्या आणि पेशींना उगवायला वेळ द्यायचा. लघवी वाढवायच्या इंजेक्शनने फुप्फुसात साठलेलं पाणी उतरतं, किडनी त्याने सुधारत नाही. सलाईनचंही तसंच. शरीर कोरडं असताना ते जीव वाचवतं, आणि लघवी बंद असताना बाटल्यांवर बाटल्या लावल्या तर तेच पाणी फुप्फुसात जातं. रोज वजन करणं आणि आत किती गेलं, बाहेर किती आलं हे लिहून ठेवणं, ही महागड्या यंत्राइतकीच मोलाची कामं आहेत. नातेवाइकांनी लघवीचं भांडं ओतण्यापूर्वी नर्सला दाखवावं.

सगळ्यात तातडीचा धोका पोटॅशियमचा. ६.५ च्या वर गेलं की हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात आणि रुग्णाला आधी काही जाणवेलच असं नाही. ईसीजीमध्ये उंच, टोकदार लाटा दिसतात. तेव्हा कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देऊन हृदयाला सांभाळतात, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींत ढकलतात. पण ते शरीराबाहेर गेलेलं नसतं, काही तासांत परत वर येतं.

आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेण्याची आपली रीत मायेची आहे, पण लघवी कमी झालेल्या रुग्णाला ते देऊ नये. एका शहाळ्यात अर्धा ग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं. मोसंबीचा रस, केळी, टोमॅटोचं सार यांचंही तसंच, आणि ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणाऱ्या मिठात तर सोडियमऐवजी पोटॅशियमच असतं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हे सगळं बाजूला.

डायलिसिस कधी करायचं? औषधांनी न उतरणारं पोटॅशियम, फुप्फुसात पाणी, रक्तातलं आम्ल वाढून पीएच ७.१ च्या आसपास घसरणं, गुंगी, झटके किंवा हृदयाच्या आवरणाला सूज. यातलं काही नसेल तर केवळ क्रिएटिनिन वाढलं म्हणून घाई करण्यात फायदा नाही. सुमारे तीन हजार अतिदक्षता रुग्णांवरच्या २०२० मधल्या एका मोठ्या चाचणीत लवकर डायलिसिस केलेल्या आणि थांबून केलेल्या, दोन्ही गटांत ९० दिवसांनंतरचे मृत्यू सारखेच, सुमारे ४४ टक्के होते. उलट लवकर सुरू केलेल्यांपैकी जगलेल्या रुग्णांत अधिक जण पुढेही डायलिसिसवर राहिले.

पण गरज असताना नकार देणं त्याहून वाईट. ‘एकदा केलं की सवय लागते’ हा समज अनेकांचा जीव घेतो. इथे हातावर कायमची फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी यांचा जोड) करत नाहीत. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेत तात्पुरती नळी घालतात आणि लघवी वाढली की काढून टाकतात. डायलिसिसने वाचलेला जगातला पहिला रुग्ण हा अशाच अचानक बिघाडाचा होता. १९४५ मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी ६७ वर्षांच्या एका बाईंवर ते केलं. त्यांची किडनी परत सुरू झाली आणि त्या पुढे काही वर्षं जगल्या.

नंतरचे दिवस

पाणी कमी पडल्याने झालेला बिघाड काही दिवसांत निवळतो. नलिका जखमी झाल्या असतील तर एक ते तीन आठवडे, कधी सहा आठवडेही लागतात. सुधारताना अचानक दिवसाला तीन-चार लिटर लघवी होऊ लागते. सगळ्यांना आनंद होतो, पण नव्या पेशींना अजून पाणी आणि क्षार धरून ठेवता येत नसतात. या दिवसांत पोटॅशियम खाली घसरतं आणि पाणी भरून काढलं नाही तर किडनीला दुसरा फटका बसतो. घरी सोडायची घाई इथे नको.

सगळ्यांची किडनी परत येत नाही. घोणसदंशात किंवा बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावात कधी किडनीचा बाहेरचा थरच मरतो. दोन-तीन आठवडे लघवी पूर्ण बंद राहिली तर सीटी स्कॅनमध्ये किंवा बायोप्सीत हे दिसतं, आणि मग दीर्घकाळच्या डायलिसिसचा किंवा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. गरीब कुटुंबांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसची केंद्र सरकारची योजना २०१६ पासून आहे. खासगी रुग्णालयाच्या खर्चाने हबकून उपचार सोडण्याआधी तिथे चौकशी करावी.

क्रिएटिनिन उतरून घरी आलेल्यांतही पुढे दीर्घकालीन किडनीविकाराचा, रक्तदाबाचा आणि पुन्हा एकेआय होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. म्हणून घरी गेल्यावर एक-दोन आठवड्यांत एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासावं. लघवीतलं अल्ब्युमिन जवळजवळ सगळेच विसरतात, आणि क्रिएटिनिन पूर्ववत असतानाही राहिलेला व्रण तेच दाखवतं. थांबवलेली रक्तदाबाची गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे याच भेटीत विचारायचं. मावशींच्या फाइलच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: बरं असतानाचं क्रिएटिनिन ०.६ आणि त्याची तारीख, आजारपणातलं सर्वांत वरचं क्रिएटिनिन, आणि ‘डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची औषधं देऊ नयेत’.